बाटी, भाकरी आणि हाडात रुजलेला दात

तोंडातली जी कायमची दाढ बहुधा सर्वांत आधी जाते, ती कायमची आहे हेच घरात कुणाला ठाऊक नसतं. मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पाडता, ही दाढ वर येते. त्याच सुमारास पुढचे दुधाचे दात हलू लागलेले असतात आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं. मागे आलेली दाढही दुधाचीच, एक दिवस पडणारच, असं समजून तिला लागलेल्या किडीकडे दुर्लक्ष होतं. ती ठणकते, थोडे दिवस गोळी घेतली जाते, ठणका थांबतो, आणि विशी-पंचविशीत ती काढावी लागते. खालच्या जबड्यात, चावण्याचा सगळा जोर जिथे पडतो नेमक्या त्या जागी, एक खिंड राहते.

या खिंडीनं लगेच काही अडत नाही, आणि घात होतो तो त्यामुळेच. माणूस दुसऱ्या बाजूनं चावायला शिकतो. इकडे मागची दाढ हळूहळू पुढे कलंडते. वरच्या दाढेला खालून टेकायला काही उरत नाही, म्हणून ती खाली उतरू लागते. फटींमध्ये अन्न अडकतं, तिथे नवी कीड लागते. दहा वर्षांनी तो माणूस दवाखान्यात येतो तेव्हा एका दाताचा प्रश्न चार दातांचा झालेला असतो. शिवाय डोळ्यांना न दिसणारी झीज वेगळीच. दाताला धरून ठेवणारं जबड्याच्या कडेचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की शरीर ते विरघळवू लागतं. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यानं घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. “बघू पुढे कधी तरी” असं म्हणणाऱ्याचं हाड तेवढ्या वेळात कमी होत असतं.

ही पुस्तिका त्या खिंडीबद्दल आहे, आणि ती भरून काढण्याच्या एका मार्गाबद्दल. गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमची मुळी बसवायची, ती हाडात पक्की झाली की तिच्यावर कॅप चढवायची, हा उपचार आता इम्प्लांट याच नावानं घरोघरी माहीत झाला आहे. जयपूरच्या सोडाला भागात अजमेर रोडवरून न्यू सांगानेर रोडकडे वळलं की मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही अंगांना दंतवैद्यांच्या पाट्या दिसतात, आणि त्यांतल्या कितीतरी पाट्यांवर हा शब्द ठळक लिहिलेला असतो. मी याच भागात काम करते. नोकरीच्या बदल्यांनी इकडे आलेली, काही तर इथेच मुरलेली मराठी कुटुंबं माझ्याकडे येतात, आणि आई-वडिलांना घेऊन येतात. आजी हिंदीत गोंधळतात. मराठीत बोलायला लागले की त्यांना धीर येतो आणि मग खऱ्या शंका बाहेर पडतात. त्या शंकांची उत्तरं कागदावर असावीत, घरी नेऊन मुलांना, सुनेला दाखवता यावीत, या गरजेतून हे लेखन झालं.

जवळजवळ प्रत्येक जण आल्याआल्या दोन प्रश्न विचारतो: किती दिवसांत होईल आणि किती लागतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे आहेत. पण त्यांच्या आधी एक प्रश्न डॉक्टरनं रुग्णाला विचारायला हवा, आणि डॉक्टर विसरला तर रुग्णानं आपणहून त्याचं उत्तर सांगायला हवं: तुम्हाला खायचं काय आहे?

हा प्रश्न मला या शहरानं शिकवला. सोडाल्यापासून फार लांब नसलेल्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीला डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, या दोघांनी मिळून रबराचा पाय घडवला. तोवर मिळणारा कृत्रिम पाय पाश्चात्त्य पद्धतीचा, बुटात घालण्यासाठी बनवलेला होता. तो लावून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चालता येत नसे, पाणी भरलेल्या शेतात उतरणं तर दूरच. माणसं तो पाय घेऊन गावी जात आणि काही दिवसांनी कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या धरत. सेठी आणि मास्टरजींनी आधी ही माणसं दिवसभर कशी बसतात, उठतात, चालतात हे पाहिलं आणि त्यावरून पाय बेतला. त्याचं रबर भाजून पक्कं करण्याचं काम टायर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात झालं. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा जयपूर फूट गरजूंना विनामूल्य बसवते आहे. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन हाच पाय लावून १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नाचल्या, हे आपल्याकडे अनेकांना आठवत असेल.

दाताच्या बाबतीतही सुरुवात तिथूनच व्हायला हवी. सोडाल्यातल्या माणसाला बाटी खायची असते, हिवाळ्यात गजक खायची असते, बाजरीची रोटी खायची असते. सातारा-सोलापूरकडून आलेल्या आजींना ज्वारीची भाकरी हवी असते, शेंगदाण्याची चटणी हवी असते, संक्रांतीला तिळाची वडी आणि उसाचं कांडं हवं असतं. दात गेलेली माणसं याबद्दल तक्रार करत नाहीत, ती निमूटपणे एकेक पदार्थ सोडत जातात. आधी ऊस जातो, मग भाजलेले दाणे, मग कच्चा कांदा-काकडी, मग कडधान्याची उसळ. बाटी डाळीत चुरून, भाकरी दुधात कुस्करून, पोळी चहात बुडवून खाणं सुरू होतं. ताटात मऊ आणि गोड तेवढं उरतं, नेमकं मधुमेह असलेल्यानं टाळायला हवं असलेलं. लग्नाच्या पंगतीत “मला भूक नाही” म्हणणाऱ्या कित्येक वडीलधाऱ्यांना खरं तर चारचौघांत कवळी सटकेल याची भीती वाटत असते. पूर्ण कवळी लावलेल्या माणसाची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते, हे लक्षात घेतलं म्हणजे या भुकेचा अर्थ कळतो.

इम्प्लांटचा शोध दात बसवण्याच्या प्रयत्नातून लागलेला नाही. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे दंतवैद्य नव्हते. १९५२ च्या सुमारास लुंड विद्यापीठात ते हाडाच्या आतलं रक्ताभिसरण अभ्यासत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती, तिच्यातून सूक्ष्मदर्शकानं जिवंत हाड पाहता येई. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड धातूला इतकं चिकटून वाढलं होतं की दोघांना वेगळं करायचं तर हाडच फोडावं लागलं असतं. तोपर्यंत समजूत अशी होती की शरीर परका धातू कधी ना कधी बाहेर ढकलतं किंवा त्याच्याभोवती मऊ ऊतींचं वेष्टन तयार करून त्याला अलग ठेवतं. ब्रॉनेमार्कांनी या निरीक्षणाचा पिच्छा सोडला नाही. १९६५ साली गॉथेनबर्गमध्ये यॉस्ता लार्सन यांच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमच्या चार मुळ्या बसवल्या. लार्सन यांचा टाळू जन्मतः दुभंगलेला होता, जबड्याची ठेवण बिघडलेली होती आणि खाली दात नव्हते. खाणं-बोलणं दोन्ही त्रासाचं होतं. ते २००६ मध्ये वारले, तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, त्या मुळ्यांनी काम केलं.

तरीही दंतवैद्यकानं हे सहजासहजी मान्य केलं नाही. त्याआधी जबड्यात बसवलेल्या नाना प्रकारच्या धातूच्या पट्ट्या, जाळ्या, खिळे काही वर्षांत सैल होऊन, पू धरून काढावे लागले होते, आणि त्या अनुभवानं पोळलेले लोक ब्रॉनेमार्कांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. १९८२ साली टोरोंटोला भरलेल्या परिषदेत त्यांनी वर्षानुवर्षं जपलेल्या रुग्णांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा वारं फिरलं. मला या इतिहासात सशाच्या प्रसंगापेक्षा या नोंदी अधिक मोलाच्या वाटतात. १९५२ ते १९८२ अशी तीस वर्षं एकाच गोष्टीचा पाठपुरावा, प्रत्येक रुग्णाला पुन्हा बोलावणं, प्रत्येक मुळी पुन्हा तपासणं, यावर आजचा सगळा उपचार उभा आहे.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे हा धातू आपल्याला परका नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळसर वाळूचे पट्टे दिसतात. त्या काळेपणात इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज असतं. मात्र खनिजापासून धातू वेगळा करणं फार अवघड. टायटॅनियमला ऑक्सिजनची इतकी ओढ की उघड्या हवेत त्याच्या पृष्ठभागावर तत्काळ ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. हाडाच्या पेशी प्रत्यक्षात त्या थराला चिकटतात, आणि त्या थरामुळेच हा धातू तोंडातल्या ओलीत वर्षानुवर्षं गंजत नाही.

प्रत्यक्ष उपचारात मुळी साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब असते. जागा बधिर करून हिरडी बाजूला करतात आणि हाडात एकापाठोपाठ एक जाड होत जाणारी ड्रिल वापरून भोक पाडतात. रुग्णांना भीती वाटते ती या ड्रिलची. बधिर केल्यावर दुखत नाही, कंप तेवढा जाणवतो. अवघड दाढ काढण्यापेक्षा हा प्रकार बहुतेकांना सोपा गेलेला मी पाहिला आहे. डॉक्टरला काळजी असते ती वेगळीच, उष्णतेची. हाड ४७ अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर तापलं तरी त्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडात मुळी रुजत नाही. म्हणून ड्रिल हळू फिरवतात आणि त्यावर सतत थंड सलाइनची धार धरतात. ती धार, ते थांबत थांबत काम करणं, धार गेलेली ड्रिल वेळेवर टाकून देणं, यांत डॉक्टरची खरी पारख होते, आणि यांतलं काहीच जाहिरातीत दिसत नाही.

मुळी बसवली त्या दिवशी ती पक्की असते, कारण ती हाडात आवळून बसवलेली असते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत, विचित्र वाटेल, पण ती आधीपेक्षा थोडी कमी पक्की होते. दुखावलेलं जुनं हाड शरीर काढून टाकत असतं आणि नवं अजून पुरतं तयार झालेलं नसतं. याच काळात दुखणं थांबलेलं असतं, माणूस निर्धास्त होतो आणि त्या बाजूनं चकली फोडून बघतो. त्या दिवसांत मुळी हलली तर तिच्याभोवती हाडाऐवजी तंतू तयार होतात आणि ती निकामी ठरते. ब्रॉनेमार्कांचा नियम खालच्या जबड्यासाठी तीन महिने आणि वरच्यासाठी सहा महिने थांबण्याचा होता, कारण वरचं हाड विरळ असतं. आता मुळ्यांचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात, त्यामुळे चांगल्या हाडात हा काळ बराच कमी झाला आहे. “एका दिवसात दात” ही जाहिरात सरसकट खोटी नाही. काही रुग्णांमध्ये, मुळी भक्कम आवळली गेली असेल तर, त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो. पण तो दिसण्यासाठी असतो. त्यानं बाटी फोडायची नसते.

रुजल्यावरही इम्प्लांट नैसर्गिक दातासारखा वागत नाही, हे आधीच सांगायला हवं. आपला दात हाडात थेट रुतलेला नसतो. दोघांच्या मध्ये सूक्ष्म तंतूंचा थर असतो. त्यामुळे चावताना दात किंचित दबतो, आणि पोळीत खडा आला की मेंदूला क्षणार्धात कळतं, जबडा थबकतो. इम्प्लांटला तो थर नसतो. खडा त्याला फारसा कळत नाही आणि जोर सगळा स्क्रूवर, कॅपवर आणि हाडावर येतो. रात्री झोपेत दात करकर खाणाऱ्यांनी हे डॉक्टरला आवर्जून सांगावं. शेजारच्या दोन दातांपेक्षा इम्प्लांटवरच्या कॅपचा चाव्यातला स्पर्श मुद्दाम हलका ठेवतात, तो याचसाठी.

आता जो मुद्दा मला या पुस्तिकेत सर्वांत मोठा वाटतो, त्याकडे वळते. इम्प्लांट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक तर एक दात येतो, नाही तर सगळ्या तोंडाचे पक्के दात आणि लाखांचं बिल. या दोन टोकांच्या मध्ये एक उपाय आहे आणि आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो बहुतेक वेळा सर्वांत योग्य आहे. ज्यांचे सगळे दात गेले आहेत त्यांची वरची कवळी टाळूला चिकटून बऱ्यापैकी राहते. छळते ती खालची. खाली टाळू नाही, जीभ सारखी हलते, आणि वर्षं जातील तसतसं हाड झिजून जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचं उरतं. कवळीला बसायला जागाच राहत नाही. पण जबड्याच्या पुढच्या भागात, दोन्ही सुळ्यांच्या जागी, हाड बहुधा टिकून असतं. ओठाला संवेदना देणारी नस त्याच्या मागच्या बाजूला बाहेर पडते, म्हणून ही जागा त्यातल्या त्यात सुरक्षितही आहे. तिथे दोन मुळ्या बसवायच्या आणि कवळीच्या आतून टिचबटणासारखी जोडणी करायची. कवळी टक् करून बसते, खाताना उडत नाही, रात्री काढून धुता येते. २००२ साली कॅनडात माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं, आणि २००९ मध्ये ब्रिटनमध्ये यॉर्कला तज्ज्ञांनी तेच पुन्हा सांगितलं. चार इम्प्लांटवर सगळ्या जबड्याचे न निघणारे दात बसवण्याची लिस्बनच्या पावलो मालो यांची पद्धत उत्तम आहे आणि ती ज्याला परवडते त्यानं जरूर विचारात घ्यावी. पण पंच्याहत्तरीच्या आजोबांना मांडी घालून भाकरी खायची असेल तर दोन मुळ्या पुरतात. हे त्यांना कुणी तरी सांगितलं पाहिजे, आणि माझा अनुभव असा की पुष्कळदा कुणी सांगत नाही.

आपल्या माणसांच्या तोंडांचा इतिहासही लक्षात घ्यावा लागतो. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिकडच्या कितीतरी बायकांच्या दिवसाची सुरुवात मशेरीनं होते. तव्यावर भाजलेली तंबाखू कुटून ती बोटानं दातांना, हिरड्यांना चोळायची. दात त्यानं बळकट होतात अशी पक्की समजूत. प्रत्यक्षात निकोटिन हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, हिरडी मागे सरते, हाड उतरत जातं आणि कीड नसलेले धडधाकट दात हलून पडतात. हिरडीतून रक्तही फारसं येत नाही, त्यामुळे आजार उघडा पडायला उशीर होतो. विदर्भात खर्रा आहे, राजस्थानात जर्दा आणि गुटखा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुपारीनं ताठरलेले गाल घेऊन माणसं अजून येतात. तोंडात आपली तीन बोटं उभी मावली पाहिजेत. ज्यांच्या तोंडात दोनही मावत नाहीत त्यांच्या मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचणार कशी? अशा माणसाला इम्प्लांटच्या तारखेआधी तोंडाची नीट तपासणी हवी, कारण ते ताठरणं पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतं. तंबाखू चालू ठेवून इम्प्लांट करून घेणाऱ्यांमध्ये अपयशाचं प्रमाण जास्त असतं. मशेरी सुटेपर्यंत थांबू, असं मी सांगते आणि त्यासाठी लागेल तेवढा वेळ देते.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होणारच नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. साखर आटोक्यात असेल, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ठीक असेल, तर होतो. ताब्यात नसलेली साखर जखम भरू देत नाही, म्हणून आधी फिजिशियनकडे. ठिसूळ हाडांसाठी आठवड्याला एक घ्यायची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन सुरू असेल तर ते न विसरता सांगा. कॅन्सरच्या उपचारात अशीच औषधं मोठ्या मात्रेत दिली जातात, तेव्हा तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका खरा असतो. आपल्या घरांतल्या बायकांकडून “ती कॅल्शियमची गोळी” म्हणून हे औषध सांगायचंच राहून जातं. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, हा साधा उपाय.

२०२१ च्या उन्हाळ्यात या विषयानं फार वेगळं रूप घेतलं. करोनाची दुसरी लाट ओसरता ओसरता म्युकरमायकोसिस, ज्याला सगळे काळी बुरशी म्हणू लागले, तो रोग पसरला. १९ मे २०२१ रोजी राजस्थाननं त्याला साथ म्हणून जाहीर केलं आणि सवाई मानसिंह रुग्णालयात वेगळा वॉर्ड उघडावा लागला. महाराष्ट्र तर सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांपैकी एक होता. वाढलेली साखर आणि स्टेरॉइडची औषधं यांच्या आधारानं ही बुरशी नाक, सायनस आणि वरच्या जबड्याच्या हाडात शिरली. जीव वाचवायला कित्येकांचा वरचा जबडा दातांसकट काढावा लागला. माणसं वाचली आणि घरी गेली तेव्हा कळलं की प्यायलेलं पाणी नाकातून येतं, बोललेलं कुणाला समजत नाही. तिथे मुळी बसवायला हाडच उरलेलं नव्हतं. अशा रुग्णांसाठी ब्रॉनेमार्कांनीच पूर्वी काढलेला मार्ग उपयोगी पडला: ३० मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरच्या पुढे लांबीची मुळी गालाच्या हाडात बसवायची आणि तिच्या आधारानं टाळू आणि दात उभे करायचे. अवघड शस्त्रक्रिया आहे, डोळ्याची खोबण जवळ असते, आणि ती मोजक्याच हातांनी करावी. पण तरुण वयात अर्धा चेहरा गमावलेला माणूस पुन्हा फोनवर स्पष्ट बोलू लागला की इम्प्लांट ही हौसेची, श्रीमंतांची चीज आहे असं म्हणणं शक्य राहत नाही.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते. कंपनी, शहर आणि डॉक्टर यांनुसार आज आपल्याकडे एका इम्प्लांटला कॅपसकट साधारण २५,००० ते ६०,००० रुपये लागतात, हाड वाढवावं लागलं तर अधिक. नेहमीच्या आरोग्यविम्यात हा खर्च बहुधा बसत नाही. ज्यांचे दात सर्वांत जास्त गेले आहेत, शेतमजूर, मशेरी लावणाऱ्या बायका, खर्रा खाणारे गडी, त्यांच्या हाताला हा उपचार लागत नाही. मग शहराच्या पदपथावर बसून शेजारच्या दातांना ॲक्रिलिकनं दात चिकटवून देणाऱ्याकडे ती जातात. तो दात काढता येत नाही, त्याखाली घाण साचते आणि शेजारचे दोन्ही चांगले दात जातात. ज्या शहरानं पाय मोफत बसवून दाखवला त्या शहरात राहून मला हे फार सलतं. सरकारी दंत महाविद्यालयांमध्ये, मग ती मुंबईची असोत, नागपूरची किंवा जयपूरची, कवळ्या आजही अल्प दरात बनतात. खालच्या कवळीसाठीच्या दोन मुळ्या तिथे वृद्धांना नेमानं आणि अल्प दरात मिळू लागाव्यात, ही मागणी रुग्णांनी, नातेवाइकांनी मोठ्यानं करायला हवी. पायाच्या बाबतीत ती कुणी तरी केली, म्हणून मिळाला.

ज्याला परवडतं त्यानंही घाई करू नये. रूट कॅनल करून वाचू शकणारा दात काढून इम्प्लांट बसवण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप असतील तर ब्रिज हा चांगला पर्याय आहे, इम्प्लांटचा अट्टहास नको. आणि इम्प्लांट करायचंच ठरलं तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करून घ्यायला नाही म्हणू नका. साध्या चपट्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. खालच्या नसेपासूनचं अंतर आणि वरच्या सायनसचा तळ नेमका कळला नाही तर ओठ कायमचा बधिर होण्यापासून मुळी सायनसमध्ये जाण्यापर्यंत काहीही घडू शकतं.

दहा वर्षांनंतर शंभरातले सुमारे ९५ इम्प्लांट जागेवर असतात, असं मोठे आढावे सांगतात. जागेवर असणं आणि निरोगी असणं यांत मात्र फरक आहे. इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून लोक निश्चिंत होतात. पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला सूज येते, पुढे हाड उतरू लागतं, आणि दुखत नसल्यामुळे पत्ता लागत नाही. ज्या तोंडात हिरड्यांच्या आजारानं दात गेले, त्या तोंडात हा धोका अधिक. रोज रात्री फटीतला छोटा ब्रश, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. या राखणीचं प्रकरण पुस्तिकेत सर्वांत लांब झालं आहे, कारण उपचार काही महिन्यांत संपतो आणि राखण पुढे आयुष्यभर चालते.

आणखी एक काम, विशेषतः बदलीच्या नोकऱ्या असलेल्या घरांसाठी. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असतो: कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट नंबर. तो तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. दर कंपनीचा स्क्रू आणि तो फिरवायची चावी वेगळी असते. जयपूरला बसवलेल्या दाताचा स्क्रू सहा वर्षांनी पुण्यात ढिला झाला, तर तिथल्या डॉक्टरला नुसत्या एक्स-रेवरून कंपनी ओळखत बसावं लागतं. स्टिकर हाती असला तर योग्य चावी मागवून तो दहा मिनिटांत आवळून देता येतो. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्यासाठी चौकोन मोकळे ठेवले आहेत.